गिटारीची खांदमळणी

आमच्या बँडची पहिली रेकॉर्ड करडईच्या तेलामुळं गाजली. (लोक तिला क्लासिक म्हणतात. लोकांना तेलाचं माहीत नाही.)

मी चौसाळ्याचा. आठवीत नापास होऊन शाळा सोडली, बंगळूरला गिटार दुरुस्तीच्या दुकानात लागलो, तिथंच वाजवायला शिकलो. आमचा गायक निखिल यानं स्वतःची महागडी गिटार हातात देऊन मला बँडमध्ये घेतलं. त्या उपकाराच्या दडपणानं मी तारा जरा जास्तच जोरात छेडायचो!

स्टुडिओत तीन दिवस एकच रड. "आवाज टोचतोय रे," निखिल म्हणायचा. शेवटी म्हणाला, "आज जमलं नाही तर उद्या दुसऱ्याला बोलावतो."

नेमके त्याच दिवशी माझे वडील, आबा, गावाहून करडईचं तेल घेऊन थेट स्टुडिओत आले. दुसऱ्या दिवशी पोळा, म्हणजे आज बैलांचे खांदे तेल-हळदीनं मळायचे. बैल विकल्यापासून खांदे मळायला घरी कुणी उरलं नव्हतं, हात शिवशिवत होते. आम्ही चहा पिऊन येतो तर गिटार पिवळीधमक! आबा मन लावून तेल-हळद चोळतायत.

"आबा! काय केलं हे?"

"हिच्यावरच पोट हाय ना तुझं? मग खांदा मळू नको का?"

"लोकाची हाय ती!"

"असंना. राबती तर तुझ्यासाठीच."

निखिलनं डोळे मिटले. "वाजव," म्हणाला. (हाकलण्याआधी पुरावा हवा असणार.) मी वाजवली. तेलकट तारांचा टणटणाट पार गेला होता. पोट भरलेल्या बैलानं हुंकार द्यावा तसा आवाज!

"थांब!" निखिल ओरडला. मी निमूट गिटार उतरवायला लागलो.

"उतरवतोस काय? पुसू नकोस! सगळी गाणी अशीच!"

यंदा दुसरी रेकॉर्ड. मी गुपचूप तेल लावलं, हळद लावली. आवाज टोचतोच! आबांना फोन केला.

"आवतन दिलतं का?"

"कसलं?"

"आरं येड्या, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाया या' म्हणावं लागतं. मी म्हनलतं की तवा! अन् दुसऱ्या दिशी पोळी चारायची. उपाशी कशी राबंल ती?"

आठवी नापासालाही कळतं, गिटार जेवत नाही. तरी आवतन दिलं. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत कुणी नाही बघून तिच्यापुढं पुरणपोळीचा घास धरला. "खा माझ्या राजा," म्हणालो, "लई राबलास."

काचेपलीकडून निखिलचा आवाज आला, "माईक चालू आहे."

नवी रेकॉर्ड माझ्या त्या 'खा माझ्या राजा'पासूनच सुरू होते. आबा म्हणतात, तेवढंच तुला नीट जमलंय!