रजेवर गेलेला हात

एका हातानं जगावं तर ते आमच्या आत्याच्या यजमानांनीच. त्यांच्यापुढं दोन हातांची माणसं उगाच पसारा मांडून बसल्यासारखी दिसायची. मी त्यांना मामा म्हणायचो. मामा पलटणीत हवालदार होते. लढाईत उजवा हात कोपरापासून गेला आणि ते आष्ट्याला परतले. गाव हळहळायच्या तयारीत होतं, पण मामांनी कुणाला ती संधीच दिली नाही. पटक्याचं टोक खुंटीला बांधून ते स्वतःभोवती गिरक्या घेत तो डोक्याला गुंडाळत. कांदा फळीवरच्या खिळ्यात रोवून चिरत. भजनात टाळी म्हणून शेजाऱ्याची मांडी वाजवत, त्यामुळं त्यांच्या डावीकडं बसायला कुणी धजत नसे.

त्यात तपासाचं वेड. कुणी लंगडा, आंधळा दिसला, की त्याचं रोजचं कसं चालतं हे मामांना कळलंच पाहिजे. तासगावच्या बाजारात त्यांनी एका कुबडीवाल्याला अडवलं. "पाव्हणं, जिना चढताना कुठला पाय आधी?" त्यानं भडकून कुबडीच उगारली. मामा हरखले. "आवं, कुबडीबिगर हुबं ऱ्हायलासा की!" तो माणूस क्षणभर तसाच उभा राहिला, मग दोघं मिळून चहाला गेले.

मी तेव्हा सांगलीत एका गुळाच्या पेढीवर कारकून होतो. पेढीचे मालक अण्णा, जैन गृहस्थ. त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू लुळी पडली. डाव्या हातानं जेवायचं नाही, सुनेच्या हातचा घास घ्यायचा नाही. नुसत्या दुधावर माणूस वाळत चालला. वैद्यांनीही हात टेकले, तेव्हा मी मामांना बोलावून आणलं.

मामा खिळ्याची फळी काखेत मारूनच आले. "अण्णा, कांदा बगा कसा चिरतोय."

"हवालदार, आमच्यात कांदा चालत नाही," अण्णा भिंतीकडं बघत म्हणाले.

मामा ओशाळले, मग काकडीवर भागवलं.

दिवस मावळायच्या आत ताटं मांडली. मामा समोर बसून डाव्या हातानं भुरके मारत जेवू लागले. अण्णांनी तोंड फिरवलं. "डावा हात ताटाला लावायचा?"

"माझा डावा कुटं हाय? एकच ऱ्हायला, त्यो डावा कसा?"

"माझा उजवा आहे अजून."

"हाय की. पर त्यो रजेवर गेलाय. त्यो येईस्तवर बदलीच्या शिपायानं उपाशी मरायचं व्हय?"

अण्णा हसले, तोंड वाकडं झाल्यामुळं हसू एकाच बाजूला आलं. मग त्यांनी डाव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला. निम्मी आमटी धोतरावर सांडली. दाराआड सून पदर तोंडाला लावून रडत होती.

"पयल्या दिवशी मी तर नाकात घास घातला हुता," मामा म्हणाले.

पुढं मामा दर बाजाराला सांगलीला येऊ लागले. अण्णा पेढीवर बसू लागले, उजवा हात मात्र तसाच राहिला. एकदा ओट्यावर बसल्या बसल्या अण्णांनी विचारलं, "हवालदार, तुम्हाला जमलं नाही असं काही आहे का?"

मामांनी उजवी मोकळी बाही चाचपली. "गेल्याल्या हाताची बोटं खाजत्यात कवाकवा. बोटं न्हाईत, तरी खाजत्यात. त्येचा काय तपास लागंना बगा."

अण्णांनी आपला डावा हात हळूहळू उचलला आणि मामांच्या मोकळ्या बाहीखाली, बोटं असायला हवी होती तिथं, हवेतच खाजवू लागले.

"इथं?"

"जरा खाली," मामा म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.