रुखमाबाईंचा लाल कोबा

वर्ध्याजवळच्या देवळीच्या पुढे आमचं गाव. गावातलं चर्च लहानसं, विटांच्या भिंतींचं, वर कवेलू आणि खाली शेणानं सारवलेली जमीन. दर शनिवारी ती जमीन रुखमाबाई सारवायच्या. त्यांचा नवरा नत्थू जंगलखात्याच्या कामावर, महिना-महिना बाहेर. घरी त्या आणि पाच वर्षांची कमला. माझे वडील गावच्या शाळेत मास्तर होते आणि आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

छप्पन साली वाळवीनं चर्चची तिसरी सतरंजी खाल्ली. मग पाद्रीबाबांनी ठरवलं, नाताळाच्या आत सिमेंटचा कोबा घालायचा, तोही लाल. वर्ध्याहून आनंदराव मिस्त्री आले. कपाशीच्या वेचणीचे दिवस होते, पण रुखमाबाईंनी वेचणी सोडली आणि घमेलं उचललं.

"इतकी वर्सं मीच सारवली," त्या माझ्या आईला म्हणाल्या. "पक्की होईन तं माहा बी हात लागला पायजे."

दहा दिवस त्यांनी सिमेंट वाहिलं. घमेलं रिकामं केलं की क्षणभर तिथंच थांबायच्या आणि आनंदरावांचा थापीचा हात कसा फिरतो ते बघायच्या. आनंदराव एकदा वैतागलेही. "बाई, मले काय पाहून राह्यली? माल आन."

शेवटच्या दिवशी खिडकीपासून वेदीपर्यंतचा तुकडा तेवढा राहिला होता. माल पसरला आणि आनंदरावांना हिवताप भरला. दात वाजायला लागले. घोंगडी पांघरून ते बाहेर उन्हात बसले. पाद्रीबाबा वर्ध्याला गेलेले, आणि सिमेंट तर आळत चाललेलं. रुखमाबाईंनी दोनदा आत-बाहेर केलं, मग पदर खोचला आणि थापी उचलली.

"ठेव थे!" आनंदराव बाहेरून ओरडले. "बिघडलं तं माहं नाव जाईन!"

"माहं नाव सांगजा, मिस्त्री. पन हे वाळून राह्यलं."

दिवस मावळेपर्यंत त्या गुडघ्यांवर होत्या. मी पाणी घेऊन गेले तर मान वर न करताच म्हणाल्या, "तिथंच ठेव बेटा, आत पाय नोको देऊ."

दुसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर आनंदराव आले. जमिनीला गाल टेकवून त्यांनी एका डोळ्यानं तो तुकडा आडवा पाहिला. तळहात फिरवून पाहिला. बोलले एवढंच, "आता आठ दिवस पानी ठेवजो याच्यावर."

तेव्हापासून दाराला कुलूप. कमला रोज फटीतून डोकवायची आणि मला सांगायची, "आत तलाव हाय."

नाताळाच्या सकाळी दार उघडलं. पाणी केव्हाच काढलं होतं आणि रुखमाबाईंनी तेलाच्या चिंधीनं सगळा कोबा घासून ठेवला होता. खिडकीतून ऊन पडलं होतं आणि जमीन नुसती चमकत होती. बाया गुंडाळलेल्या सतरंज्या घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यातून वाट काढत कमला पुढे झाली आणि उंबऱ्यावर थबकली. तिनं नवा परकर दोन्ही हातांनी गुडघ्यापर्यंत उचलला.

"माय व! पानी तं तसंच हाय!"

तिनं अंगठा बुडवायला म्हणून पुढे केला. टेकवला. पुन्हा टेकवला. मग परकर सोडून दिला.

"वाळेल हाय! पानी नाई!"

आणि ती सुटलीच. खिडकीपर्यंत धावली, तिथं धपकन बसली, ती सरळ वेदीपर्यंत घसरत गेली. तिथं पालथी पडून तिनं खाली पाहिलं.

"याच्यात मी हाय!" ती ओरडली. "माय, तू बी ये पाहाले!"

बाया पदराआड हसायला लागल्या. पाद्रीबाबांनाही हसू आवरेना. "कोनं केलं व हे, कमला?"

"माह्या मायनं."

"तुह्या मायनं घमेलं वाह्यलं, बाई," म्हाताऱ्या शकुबाईंनी समजूत घातली. "केलं मिस्त्रीनं."

कमलाचा चेहरा पडला. पण पाद्रीबाबांनी बोलावलं म्हणून आनंदरावही आले होते, धुतलेलं धोतर नेसून दाराशी उभे. ते पुढे झाले.

"नाई, शकुबाई. दरवाज्यापासून खिडकीलोक माहं. तिथून पुढं सारं रुखमाबाईचं. पोरगी माह्यावर धावली आन तिच्यावर घसरली. कोनतं गुळगुळीत, थे तुम्हीच पाहा."

सगळ्या बाया वळून रुखमाबाईंकडे बघायला लागल्या. रुखमाबाईंनी आधी तोंडावर पदर घेतला. मग तो काढला आणि ताठ मानेनं आत चालत गेल्या. लेकीला उचलून कडेवर घेतलं.

त्या दिवशी सतरंज्या कोणी अंथरल्याच नाहीत. डिसेंबरची थंडी, जमीन बर्फासारखी गार, तरी सगळी मंडळी तशीच बसली. शकुबाई तर वेदीजवळच्या तुकड्यावर बसल्या आणि शेवटपर्यंत त्यांचा हात जमिनीवरून फिरत राहिला.

संक्रांतीनंतर आनंदराव पुन्हा आले. देवळीच्या एका कापसाच्या जिनिंगमधलं कोब्याचं काम त्यांना मिळालं होतं. "रुखमाबाई, सोमवारी येजो," ते म्हणाले. "घमेल्याले दुसरी बाई पाह्यली मी. तू थापी धरजो."

तिथं कामाच्या दुसऱ्या दिवशी मुनीम आला. आनंदराव चहा प्यायला गेले होते. "मिस्त्री कुठं आहे?" त्यानं दारातून विचारलं.

रुखमाबाई गुडघ्यांवर होत्या. हातातली थापी त्यांनी थांबवली नाही.

"बोला," त्या म्हणाल्या, "मीच हावो."