अक्कलदाढेवरचा हल्ला

आमच्या ह्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, दात राहतात. रस्त्यात कुणी हसून "ओळखलंत का?" म्हणालं की हे त्याच्या तोंडाकडे बघतात आणि विचारतात, "वरची डावी दाढ ना? आता टोचत नाही ना?" माणूस खूश होऊन जातो. लग्नाआधी आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी चांगलं काजळबिजळ घालून गेले होते. हे म्हणाले, "तुमचा पुढचा एक दात जरासा वाकडा आहे. पण छान दिसतो." मला वाटलं, माणूस खरं बोलतो, याच्याशी पटेल. तिथेच फसले बघा.

कवळ्या करणं हा ह्यांचा धंदा. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप पाठवतात. हे मागच्या खोलीत बसून त्याचा प्लॅस्टरचा साचा करतात, मेणात दात बसवतात, घासतात, चकचकीत करून परत पाठवतात. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण आमचं अख्खं घर दातांवरच चाललं आणि लेक शिकून नोकरीला लागली. कवळी साच्यावर केसभर जरी हलली तरी हे ती मोडतात आणि पहिल्यापासून करतात. माणसांच्या बाबतीतही हाच खाक्या. कुणी एकदा मनातून उतरलं की उतरलं.

आणि मनातून उतरलेला माणूस कोण, तर ह्यांचा सख्खा धाकटा भाऊ!

भावजी लिफ्ट दुरुस्त करतात आणि समोरच्याच इमारतीत राहतात. भांडण म्हणावं तर कधी आवाज चढला नाही, अबोला म्हणावं तर येणंजाणं रोजचं. संध्याकाळी भावजी सासूबाईंना भेटायला यायचे. हे समोर बसलेले असायचे. भावजी माझ्याकडे बघून म्हणायचे, "वहिनी, दादाला सांगा, आईच्या गोळ्या आणल्यात." हेही माझ्याकडेच बघून, "त्याला सांग, मीही आणल्यात." दोन हातांच्या अंतरावर बसलेली धडधाकट माणसं, आणि मध्ये मी टेलिफोन एक्स्चेंज! लग्न होऊन आले तेव्हापासून हा तमाशा. कारण विचारलं की हे म्हणायचे, "जुनी गोष्ट आहे." घराच्या वाटणीचं काहीतरी असणार, अशी माझी समजूत. सासूबाईंचीही तीच.

अशात भावजींची बदली झाली, तीही पार लांब. रविवारी सामानाचा ट्रक येणार होता. सासूबाईंचं जेवणावरून लक्षच उडालं. एकदा भाजी निवडताना मला म्हणाल्या, "त्या दोघांना एकमेकांशी सरळ बोलताना एकदा ऐकायचंय गं मला. आता निदान तुझ्या तोंडून तरी बोलतात. तो लांब गेला की मध्ये तूही नसणार. मग संपलंच." त्यांच्या डोळ्यांत पाणी बघून माझं डोकंच फिरलं. मी ह्यांना सरळ सांगितलं, "रविवारच्या आत भावजींशी बोला, नाहीतर माझ्याशीही बोलू नका." हे म्हणाले, "बघू." ह्यांच्या 'बघू'ला आमच्या घरात 'नाही' म्हणतात.

नेमका त्याच आठवड्यात घरात नवा कॉम्प्युटर आला. डॉक्टर आता तोंडाची मापं कॉम्प्युटरवर पाठवायला लागले आहेत, म्हणून लेकीने घ्यायला लावला. हे माउसला असा हात लावायचे, जणू तापलेला तवाच. शेवटी लेक फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगायचात ना, लग्नाआधी ग्रहताऱ्यांचा एक खेळ खेळायचात? तो आता नव्या कॉम्प्युटरवरही चालतो. मी पाठवते. खेळा म्हणजे हात बसेल."

हे ऐकलं मात्र, ह्यांचे कान टवकारले!

खेळ असा. पडद्यावर अख्खं आकाश असतं. आपण ग्रह घ्यायचे, तिथे वस्ती करायची, जहाजं बांधायची, दुसऱ्याशी तह करायचा नाहीतर लढायचं. एकाची चाल झाली की दुसऱ्याची पाळी, बुद्धिबळासारखं. खेळ आला खरा, पण चालेना. म्हणजे चाले, पण इतका पळे की विचारू नका. ह्यांनी बाण जरा उजवीकडे नेला की आकाश सर्रकन या टोकाहून त्या टोकाला. लेक म्हणाली, "बाबा, नवा कॉम्प्युटर फार वेगवान आहे. त्याला सांगायचं, तू जुना आहेस असं सोंग घे." मग हे सकाळभर त्याचा वेग थोडाथोडा कमी करत बसले. मी म्हटलं, "जग तरुण दिसायला धडपडतंय, आणि तुम्ही नवं कोरं यंत्र म्हातारं करत बसलाय!"

पण जमलं हो. आकाश शहाण्यासारखं हळूहळू सरकायला लागलं आणि हे असे हसले की सगळे दात दिसले. ह्यांना इतके दात आहेत हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हे बाजारात जाऊन फ्लॉपी वाचायचं यंत्र घेऊन आले. बनियन आणायलाही मला पाठवणारा माणूस, स्वतः गेला! मग साच्यांच्या खोक्याच्या तळातून कापडात गुंडाळलेली एक जुनी फ्लॉपी निघाली. ती यंत्रात घातली, आणि पडद्यावर एक अर्धवट राहिलेला डाव उघडला. ह्यांनी बोटाने पडद्यावरचा एक ग्रह चाचपला. मी विचारलं, "काय झालं?" तेव्हा कुठे इतक्या वर्षांनी ती जुनी गोष्ट बाहेर आली.

तेव्हा हे कवळ्यांचं काम शिकत होते. दिवसा उस्तादांकडे, आणि सकाळी लवकर उठून घरी मागच्या खोलीत सराव. कॉम्प्युटरही त्याच खोलीत. दोघं भाऊ मिळून एकच डाव खेळायचे. हे सकाळी आपली चाल खेळून, डाव फ्लॉपीवर उतरवून कामावर जायचे, पडद्यावर भावजींची पाळी तशीच उघडी ठेवून, कारण तो डबा सुरू करायलाच फार वेळ जायचा. भावजी संध्याकाळी आधी घरी यायचे, आपली चाल खेळायचे आणि पुन्हा बाहेर भटकायला जायचे. ह्यांच्या ग्रहांची नावं सुळा, पटाशी, अक्कलदाढ. भावजींच्या ग्रहांची तळमजला आणि गच्ची. एकदा दोघांनी हातावर हात मारून तह केला, कुणी कुणावर हल्ला करायचा नाही. दुसऱ्याच दिवशी हे घरी येऊन बघतात तर गच्चीवरची सगळी जहाजं अक्कलदाढेवर उतरलेली आणि अक्कलदाढ जळून खाक! भावजी आले ते शपथा घ्यायला लागले, "दादा, मी आज खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाही." हे म्हणाले, "मग काय भुताने चाल खेळली? खोटारडा कुठला!"

"आणि यावरून?" मी ओरडलेच. "यावरून मला आयुष्यभर निरोप्या केलंत? एका खोट्या ग्रहासाठी?"

"ग्रहासाठी नाही गं," हे म्हणाले. "हल्ला केला म्हणाला असता तर मी हसलो असतो. पण तो माझ्या तोंडावर खोटं बोलला. एका अंथरुणात झोपून मोठे झालो आम्ही. आमच्यात खोटं नव्हतं कधी." मला रागही आला आणि वाईटही वाटलं. पण भावजींकडे जा म्हटल्यावर पुन्हा तेच, "बघू."

शनिवार उजाडला. समोरच्या घरात खोकी बांधण्याचा आवाज येत होता, आणि हे आमच्याकडे कॉम्प्युटरविरुद्ध नवा डाव मांडून बसले होते. लेकीने त्या दिवशी आवाजही सुरू करून दिला होता. ह्यांनी जहाजं सोडली आणि खोलीत तुतारी वाजली, पँऽ पँ पँऽऽ! त्याबरोबर स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"पुन्हा बिघडलं का रे ते?"

"काय बिघडलं आई?"

"अरे, मागे एकदा अस्संच वाजलं होतं." त्या घुटमळल्या. "तुम्ही हात लावू नको म्हणायचात. पण तुझ्या त्या प्लॅस्टरची केवढी पांढरी धूळ बसायची त्या बटणांवर! मला बघवेना. तुम्ही दोघं कामावर गेल्यावर ओलं फडकं घेऊन चांगलं दाबून पुसलं एकदा. तर हे वाजलं. मी अशी घाबरले म्हणतोस! तशीच बाहेर पळाले. परत कधी हात लावला नाही हो."

हे खुर्चीतून अर्धवट उठले आणि तसेच राहिले. दातखिळीच बसली. सासूबाई बिचाऱ्या माझ्याकडे बघत होत्या, की आपण आता काय केलं?

ह्यांनी फ्लॉपीवरचा डाव उघडला. पडद्यावर त्या सकाळची स्थिती. तह झालेला, अक्कलदाढ शाबूत, पाळी भावजींची. "आई, फडकं आण," हे म्हणाले. मी मध्ये पडले, "थांबा! ज्याच्यावर आळ घेतलात त्याच्यासमोर होऊ द्या." आणि मी मुद्दाम हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभी राहिले. निरोप मी देणार नव्हते.

ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फोनकडे. मग उचलला. "ये," म्हणाले. "तुझी पाळी आहे."

भावजी धावतच आले, मनगटात चिकटपट्टीचं वेटोळं तसंच. आईला काही झालं की काय, म्हणून पांढरे पडलेले. पडद्यावरचा डाव बघून जागीच थांबले. ह्यांनी सासूबाईंना खुर्चीशी आणलं. त्यांनी हलकेच फडकं फिरवलं. काही नाही.

"दाबून आई, त्या दिवशीसारखं."

सासूबाईंनी डोळे मिटले आणि परात घासावी तसं फडकं रगडलं. पँऽ पँ पँऽऽ! गच्चीवरची सगळी जहाजं उठली, सरळ अक्कलदाढेवर गेली, आणि आमच्या डोळ्यांदेखत ती जळून गेली.

हे भावजींकडे वळले. माझ्याकडे नाही, भावजींकडे.

"चुकलो," म्हणाले. "तू खरं बोलत होतास. मी तुला खोटारडा म्हटलं. चुकलो रे."

इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला, आणि तोही माझ्या वाट्याचा नव्हता! पण जाऊ दे. भावजींनी मनगटावरची चिकटपट्टी काढायचा प्रयत्न केला, ती सुटेना, आणि त्याच हाताने ते लहान मुलासारखे डोळे पुसायला लागले.

"म्हणजे वाटणीवरून नव्हतं?" सासूबाई हादरल्या होत्या. "माझ्या फडक्यापायी? अरे मेल्यांनो, मला विचारायचंत तरी!"

"तू हात लावत नाहीस असं सांगायचीस ना," भावजी रडता रडता हसायला लागले. "आई, एका फडक्यात दादाची अक्कलदाढ काढलीस. आणि तीही न दुखवता!"

त्यावर हे जे हसले! सासूबाईंनी फडक्याने एकेकाच्या पाठीत दोन दोन फटके दिले, आणि मग दोघांना जवळ घेऊन हमसून हमसून रडल्या. समोरची खोकी तशीच पडली. संध्याकाळ होईपर्यंत दोघं त्या एका खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची ओढून खेळत होते आणि तहाच्या अटींवरून हुज्जत घालत होते. मी मुद्दाम दोनदा विचारलं, "काही निरोप आहे का कुणाचा?" कुणी ढुंकून पाहिलं नाही.

रविवारी ट्रक भरला. भावजी पुढे ड्रायव्हरशेजारी चढले. सासूबाई माझा हात धरून पायरीवर उभ्या होत्या. ट्रक सुरू झाला आणि भावजींनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"दादा, तुझी चाल पाठव रे!"

"पाठवतो! पोचलास की फोन कर!"

"करतो!"

ट्रक वळेपर्यंत सासूबाई दुसरा हात हलवत राहिल्या. मग माझा हात घट्ट दाबून म्हणाल्या, "ऐकलंस? मध्ये तू नव्हतीस."