माळावरची पिवळी टिटवी

ओढ्याकाठची टिटवी सगळ्यांच्या ओळखीची. डोळ्यांपुढं लाल कातडी, छाती काळी, आणि माणूस दिसला की आकाश डोक्यावर घेणार. माळटिटवी तिचीच बहीण, पण स्वभावानं गरीब. कातडी पिवळी, डोक्यावर काळी टोपी, आवाज बारीक. पाण्याकडं ती फारशी फिरकत नाही. पाऊस पडो न पडो, अंडी घालणार ती वरच्या कोरड्या मुरमाडावरच.

हा फरक आमच्या तात्यांना, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांना, पक्का ठाऊक. येडशीजवळच्या आमच्या गावात पावसाचा अंदाज तेच सांगायचे. लाल टिटवीनं ओढ्यात अंडी घातली तर पाऊस कमी, उंचावर घातली तर भरपूर. दर उन्हाळ्यात ते अंडी शोधायचे आणि संध्याकाळी पारावर जाऊन सांगायचे. त्या दिवशी त्यांची ऐट नव्या नवरदेवाची असायची.

यंदा नजर अधू झाली, म्हणून त्यांनी मला सोबत नेलं. माळाच्या माथ्यावर एक टिटवी उठली. खड्यांत अंडी होती. तात्यांचा चेहरा असा खुलला की मला गप्पच बसावंसं वाटलं.

"लालच हाय न्हवं?" त्यांनीच विचारलं.

"पिवळी हाय, तात्या."

ते दगडावर टेकले. "मंग हिच्यावरनं काय कळायचं न्हाय. ही वरच घालती."

ओढाही पालथा घातला. लाल टिटव्यांनी शिव्याशाप दिले, पण अंडं काही सापडलं नाही. मी म्हणालो, "सांगून टाका चांगला पाऊस. कोण बघायला येतंय?" तात्यांनी माझ्याकडं पाठ फिरवली आणि पाराची वाट धरली.

पारावर लोक वाट बघत होते. "यंदा मला न्हाय कळलं," तात्यांनी सांगितलं. मला त्यांची फार कीव आली.

शेजारचा एक शेतकरी धीर द्यायला पुढं झाला. "जाऊ द्या की, तात्या. पावसाचं आमी मोबाईलवर बघतावच. लई वर्षं झाली. तुमाला बरं वाटतं म्हणून इचारताव."

बाकीचे खाली बघू लागले. तात्या उठले, पायानं चपला चाचपल्या आणि चालू लागले. घराच्या दारात थांबून त्यांनी मला विचारलं, "तुला बी ठावं होतं का रं?"

त्यांच्यापुढं मला खोटं बोलवेना. "व्हय," म्हणालो.