झाकण पडलं तेव्हा

आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. सभ्यपणा म्हणून नव्हे. मी तीन वर्षांची असताना वाऱ्याने दार आपटलं, मी दचकून ओटीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. माझी हाडं जन्मापासून ठिसूळ. त्या दिवसापासून घराने आवाज करायचं सोडलं. दाराच्या कडीला चिंधी बांधली. मला मागून हाक मारायची नाही, समोर येऊन हळू बोलायचं, असा नियम झाला आणि पोलादपूरच्या डोंगरातली आमची अख्खी बौद्धवाडी तो पाळायची. वरातीतला बेंजो आमच्या दारापुढे गप्प व्हायचा. एका मुलीच्या हाडांसाठी स्वतःच्या लग्नातलं वाजवणं थांबवणारी माणसं मला लाभली. त्यांची मी ऋणी आहे. आणि माझे कान गेले ते याच मायेमुळे कोणाला कळलं नाही, हेही लिहून ठेवते.

मलाही कळलं नव्हतं. सगळे समोर येऊन बोलत, ओठ दिसत. जग असंच बोलतं, अशी माझी समजूत.

शाळेत मला मागच्या कोपऱ्यात बसवलेलं, मुलांचा धक्का लागू नये म्हणून. गुरुजी फळ्याकडे तोंड करून शिकवत. काही विचारलं की मी गप्प. चौथीत असताना त्यांनी बाबांना बोलावून घेतलं. "मुलीचं लक्ष नाही. पाचवीला पोलादपूरला जावं लागेल. रोजची एसटी, रेटारेटी. त्यापेक्षा हाडं सांभाळा, घरीच ठेवा." बाबा मान हलवून परत आले. गुरुजी वाईट नव्हते, आळशी होते. एकदा कोपऱ्यापर्यंत चालत आले असते तरी पुरलं असतं.

शाळेत खिचडी शिजवणारी मावशी वरच्या वाडीतली, तोंडाने फटकळ. एका दुपारी वाढताना तिच्या हातून मोठ्या पातेल्याचं झाकण सुटलं आणि माझ्या पाठीमागे लादीवर आदळलं. मुलं उडाली. गुरुजींच्या शर्टावर चहा सांडला. मी खिचडीतले वाटाणे बाजूला काढत होते. आता हिचं हाड गेलं, म्हणून मावशी कपाळाला हात लावून पुढे आली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

संध्याकाळी ती घरी येऊन आईला म्हणाली, "तुजी पोरगी दचकली नाय."

आई खूश झाली. "धीट झाली माजी बाय."

"धीट कसली? तिला ऐकायला नाय येत गो."

"हाडांचं कमी होतं म्हणून आता कान पण?" आई चिडली. "तू खिचडी कर, डाक्टरकी नको करू."

मावशीने तिला दंडाला धरून माझ्या पाठीमागे उभं केलं. "मार हाक. आज मागनं मार." आईने सहा वर्षांत पहिल्यांदा मला मागून हाक मारली. तीनदा. हे मला नंतर सांगितलं गेलं. मी अंगणात कोंबडीची पिल्लं बघत बसले होते.

मुंबईच्या इस्पितळात आईने एक्सरेंची पिशवी टेबलावर ठेवली. मांडी, दंड, पाठ, सगळं होतं त्यात. इतक्या वर्षांच्या कागदांत 'कान' हा शब्द एकदाही नव्हता. मला याचा आजही राग येतो. कान तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "कानातही हाडं असतात. तीन, तांदळाएवढी."

"ती पण मोडतात?" आईने विचारलं.

"कधी मोडतात, कधी घट्ट बसतात. मग आवाज आत पोचत नाही. हिला यंत्र लावू, चांगलं ऐकेल. पण दरवर्षी तपासायला आणायचं."

यंत्र लावून मी शाळेत गेले त्या दिवशी मावशी माझ्याबरोबर वर्गात आली. "पुढं बसवा हिला," गुरुजींना म्हणाली. "धक्का लागंल तर मी हाय." गुरुजींनी बसवलं, हे त्यांच्याही खात्यावर जमा. पाचवीला मी पोलादपूरला गेले. एसटीचे कंडक्टर माझ्यासाठी पुढची सीट धरून ठेवत.

आता मी अशा मुलांच्या कानांसाठी महाड-पोलादपुरात पत्रकं वाटते. पहिल्या पत्रकात सात मागण्या होत्या आणि धिक्कार दोन वेळा. मावशीला वाचून दाखवलं. पातेल्यात डाव फिरवत ती म्हणाली, "झ्याक हाय. पण हे संपेपर्यंत माजी खिचडी खाली लागंल. मागनं हाक मारायचं कुठं लिवलंस?"

लिहिलंच नव्हतं. आता ते सगळ्यात वर असतं: मुलाला मांडीवर धरा, आणि मागून साध्या आवाजात हाक मारा.

गेल्या महिन्यात महाडजवळच्या नाते गावात एका घरी गेले. दाराच्या कडीला चिंधी. मुलीची आई कुजबुजली, "हळू बोला हां, दचकते ती." मुलगी सहा वर्षांची, हाडं माझ्यासारखीच. मी पत्रक दिलं. आईने तिला मांडीवर घट्ट धरलं, बाप मागे जाऊन उभा राहिला. त्याने हळूच हाक मारली. मग दुसरी, जरा मोठ्याने. मुलगी माझ्या कानातल्या यंत्राकडे बघत होती. वळली नाही.

"आता?" आई म्हणाली. पहिल्यांदाच नेहमीच्या आवाजात.

माझं कळेपर्यंत मी नऊ वर्षांची झाले होते. हिची तीन वर्षं वाचली. "आता कागदांची पिशवी काढा," मी म्हटलं. "मुंबईला मी येते बरोबर."