लाडवाचा पंचनामा

सत्तरच्या दशकात आम्ही मुलुंडला तळमजल्यावर राहत होतो. घरात मी, नवरा आणि सासूबाई. हिवाळ्यातल्या एका रविवारी सांताक्रूझला लग्नाला गेलो आणि दुपारी परत आलो, तर स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फुटलेली. मी आधी यादी केली. ट्रान्झिस्टर, ह्यांचं घड्याळ, देवघरातली चांदीची निरांजनं, नवा कुकर. कुकरची शिट्टी ओट्यावरच राहिली होती, तेव्हा चोर घाईत असावा, असंही खाली लिहिलं. सासूबाईंना बजावलं, "आई, कशालाही हात लावू नका," आणि आम्ही दोघं पोलीस चौकीवर गेलो.

तिथे नशीब बरं निघालं. जवळच्याच एका बंगल्यात घरफोडी झाली होती आणि तिथे बोटांचे ठसे घ्यायला आलेले साहेब चौकीत चहा पीत बसले होते. एरवी आमच्या कुकरसाठी त्यांना कोणी बोलावलं नसतं. हवालदारांनी विचारलं, साहेब म्हणाले, चला, वाटेतच आहे. माझी यादी त्यांना आवडली. "सगळे असे व्यवस्थित असतील तर आमचं काम किती सोपं होईल," असं म्हणाले. त्या वाक्यावर मी घरापर्यंत खुशीत चालले.

दारात रांगोळी होती. सासूबाईंनी केस विंचरून धुवट साडी नेसली होती. फरशी ओली होती आणि फिनेलचा वास जिन्यापर्यंत येत होता.

"आई, मी काय सांगून गेले होते?"

"हात कुठे लावला मी? फडक्यानंच केलं सगळं. साहेब लोक घरी येणार आणि कपाटं अशी उघडी, मातीचे पाय उमटलेले. काय म्हणतील?"

"पाय उमटले होते?" साहेबांनी विचारलं.

"चांगले खिडकीपासून कपाटापर्यंत. दोनदा पुसावं लागलं."

साहेबांनी बॅग उघडली, कपाटाच्या मुठीवर बारीक ब्रशनं काळी पूड फिरवली, भिंगातून बराच वेळ पाहिलं. "ह्याच्यावर तर घरच्यांचेसुद्धा ठसे नाहीत."

"रोज पुसते," सासूबाई म्हणाल्या. त्यांना ती शाबासकी वाटली.

"काच कुठे आहे?"

"भंगारवाला जात होता, त्याला दिली. कोणाच्या पायात गेली असती. एका तुकड्याला रक्त होतं, म्हणून तो आधी धुतला. रक्ताची काच द्यायची कशी माणसाला?"

साहेब खुर्चीवर बसले. माणूस सज्जन होता, आवाज चढवला नाही. "आजी, आमच्या प्रयोगशाळेत रक्ताचा एक विभाग आहे. काच, माती, कपड्याचे धागे यांचा दुसरा. विषाचा वेगळा, हस्ताक्षराचा वेगळा. पावलाचे ठसे प्लास्टरमध्ये उचलतात. बोटांचे मी बघतो. काहीच नाही मिळालं तर कुत्रं आणतात, पण ह्या फिनेलमध्ये ते बिचारं शिंकत बसेल. तुम्ही एकटीनं सगळं खातं बंद केलंत."

तेवढ्यात आमची धुण्याभांड्याची बाई आली. हवालदार तिच्याकडे बघून म्हणाले, "घर बंद असणार, हे हिला माहीत होतं?"

"मीच सांगितलं होतं, आज उशिरा ये म्हणून," मी म्हणाले, आणि म्हणताक्षणी कळलं की वाट लागली.

"मग झालं. चल गं, चौकीवर चल. तिथे बोलशील."

बाईनं पदर खोचला. "काय बोलू? चोरी मी केली नाही, हे इथेच बोलते. चौकीत एकदा बसवलंत की उद्या चारही घरची कामं जाणार. मग तुम्ही द्याल का भांडी घासायला?"

"तोंड चालतंय बघा हिचं."

"हात पण चालतात. म्हणून तर घर चालतंय."

मी हवालदारांशी वाद घातला. नवऱ्यानेही घातला. हवालदारांचं एकच म्हणणं, दुसरा काही पुरावा आहे का? नाही. मग संशयिताला नेणं त्यांचं काम. सासूबाई म्हणाल्या, "थांबा जरा, चहा टाकलाय," आणि बशीत डिंकाचे लाडू घेऊन आल्या.

ह्या लाडवांबद्दल सांगायला हवं. त्यांचा पाक दरवर्षी पुढे जायचा. पण दरवर्षी त्या म्हणायच्या, "यंदा मऊ झालेत ना?" आणि सगळे मान हलवायचे, कारण तोंड उघडण्याच्या स्थितीत कोणी नसायचं.

साहेबांनी लाडू उचलला, वजन केल्यासारखा हातात धरला. मग त्यांची नजर फळीवर झाकून ठेवलेल्या वाटीकडे गेली. "त्याच्यात काय आहे?"

"उष्टा लाडू. गाईला ठेवलाय. डबा उघडा होता आणि हा ओट्यावर पडलेला."

"कोणाचा उष्टा?"

"काय माहीत. आम्ही तर कोणी उष्टं टाकत नाही."

साहेब उठलेच. काच फेकणाऱ्या, रक्त धुणाऱ्या सासूबाईंना अन्न मात्र फेकवलं नव्हतं. लाडवाचा लचका काही तुटला नव्हता. चोराने जोर लावून नाद सोडला होता. पण दात असे उमटले होते की सुरीनं कोरावेत. वरचा पुढचा एक दात नव्हता आणि शेजारचा तिरका होता.

"दातांचं आमच्याकडे नाही, ते इस्पितळातले दातांचे डॉक्टर बघतात," साहेब म्हणाले. "पण एवढं मलाही दिसतंय. बाई, जरा दात दाखवा."

"आता हसू कशाला?"

"हसू नका, दाखवा."

बाईचे दात नीट, एका ओळीत. सासूबाईंनी मळून ठेवलेल्या कणकेचा गोळा साहेबांनी तिला चावायला लावला आणि दोन्ही शेजारी ठेवले. हवालदारही वाकून बघू लागले.

पंच म्हणून वरच्या मजल्यावरच्या दोघा शेजाऱ्यांना बोलावलं. हवालदार लिहीत गेले आणि मोठ्याने वाचत गेले, "डिंकाचा लाडू, नग एक, अर्धवट चावलेला, अत्यंत कडक."

"कडक काढा," सासूबाई म्हणाल्या. "मऊ आहेत."

"आजी, मऊ लिहिलं तर कोर्टात विचारतील, मऊ लाडवात दात असे टिकले कसे?" साहेब म्हणाले. "मग हा पुरावा गेला. आणि मग हवालदार कोणाला नेणार, ते तुम्हाला ठाऊक आहे."

सासूबाईंनी शेजाऱ्यांकडे पाहिलं. एक छताकडे बघू लागले. दुसरे हळूच म्हणाले, "मी आपला चहात भिजवून खातो." इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा कोणी बोललं होतं, तेही पोलिसांसमोर.

बाई दाराशी उभी राहून सासूबाईंकडे बघत होती.

"लिहा," सासूबाई म्हणाल्या. "पण थंडीमुळे, असं लिहा."

"कारण लिहायची पद्धत नाही, आजी."

"मग नुसतं कडक लिहा. अत्यंत नको."

साहेबांनी हवालदारांना खूण केली आणि 'अत्यंत' खोडलं गेलं. लाडू बरणीत घालून, कापड बांधून, वर लाखेचं सील ठोकलं. सासूबाईंनी सही करताना पेन दोनदा थांबवलं. बाई आत गेली आणि नळ सुरू झाला.

पुढे घाटकोपरला ट्रान्झिस्टर विकताना एक माणूस सापडला. हे सांगायला हवालदार स्वतः आले. सासूबाईंची पहिली चौकशी वेगळीच होती. "तो दात त्याचा आधीच पडला होता ना? की माझ्या लाडवानं?"

"आधीच, आजी."

"तेही लिहून घ्या."

मग त्यांनी डबा आणला. लाडू नवे होते, पाक तोच होता. पहिला त्यांनी बाईच्या हातात ठेवला. "खा आणि खरं सांग."

बाईनं दाढेखाली धरून चावा घेतला. फटकन आवाज आला, तो बाहेरच्या खोलीतही ऐकू आला असणार. ती बराच वेळ चावत राहिली, आणि आम्ही सगळे वाट बघत राहिलो.

"मऊ आहे, आजी," ती म्हणाली.

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. वही मात्र काढली नाही.