धुळ्याच्या आधी शिरपूर

आमच्याकडे पोरीला दहावीत चांगले मार्क पडले की तिचं कौतुक पेढे संपेपर्यंत टिकतं. पेढे संपले की ती डॉक्टर होणार असते. माझ्या लेकीचंही तेच झालं. एरंडोलजवळच्या आमच्या गावापासून जळगावातल्या यांच्या ठिबक सिंचनाच्या दुकानापर्यंत जो भेटेल तो विचारायचा, मग कुठं टाकताय पोरीला? जणू पोरगी म्हणजे पाण्याची टाकी, गच्चीवर ठेवायची की अंगणात एवढाच काय तो प्रश्न.

तिला स्वतःला गणित हवं होतं. हे ती सातवीपासून सांगत होती, पण घरात कुणाला ते खरं वाटत नव्हतं. गणित आवडतं म्हणजे हुशार आहे, आणि हुशार आहे म्हणजे बी ग्रुप, मग नीट, मग दवाखाना. या हिशेबात कुठं चूक आहे ते आमच्या नातेवाइकांना दाखवून देणं माझ्या तरी आवाक्याबाहेरचं होतं.

धुळ्याला एका जुन्या अनुदानित कॉलेजात अकरावी-बारावीसाठी गणित आणि फिजिक्सची एक खास तुकडी आहे. मुलं मोजकी, अभ्यास जवळजवळ पदवीच्या तोडीचा, आणि प्रवेशाची परीक्षा कॉलेज स्वतःच घेतं. तिच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंनी हे तिला सांगितलं. ती परीक्षा देऊन आली आणि यादीत तिचं नाव लागलं. ठरलेल्या तारखेपर्यंत आईवडिलांनी मूळ कागद घेऊन जायचं आणि जागा पक्की करायची, नाहीतर ती पुढच्या मुलाला. राहायला माझी धाकटी बहीण धुळ्यातच. मला वाटलं, चला, घोडं गंगेत न्हालं.

पण आबा होते ना. आबा म्हणजे माझे सासरे. गावी राहतात, अजून स्वतः कापसात उभे राहतात. आमच्या भावकीतल्या निम्म्या सोयरिकी त्यांनी जुळवल्या, आणि त्यांनी जुळवलेली एकही मोडली नाही, हे ते आपण विचारायच्या आत सांगतात. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं की शिरपूरकडे ते निवासी कॉलेज आहे, तिथं आपल्या घरचा माणूस बसला आहे, मग बघून यायला काय जातं? घरचा माणूस म्हणजे माझ्या नणदेचे दीर. त्यांना सगळे नाना म्हणतात. त्या कॉलेजात अकरावी-बारावीबरोबरच नीटची तयारी करून घेतात, आणि तिथला कारभार नानांकडे आहे.

बघायला म्हणून आम्ही गाडी भरून गेलो. यांनी गाडी चालवली, पुढं आबा, मागं मी, लेक आणि नणंद. जाताना मला एकदम जाणवलं की असे आपण मुलगी द्यायला जातो तेव्हा जातो. तिथंही तसंच चाललं. आबांनी वर्ग पाहिले नाहीत. त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं, विहीर पाहिली, होस्टेलच्या भिंतीची उंची पाहिली. रेक्टरबाईंचं माहेर कुठलं ते विचारून घेतलं, ते पारोळ्याचं निघालं तेव्हा त्यांना बरं वाटलं. अभ्यास काय घेतात हे मी विचारलं, तर नाना म्हणाले की त्याची काळजी करू नका. लेकीला कुणी काही विचारलं नाही. तिनंही काही विचारलं नाही.

दुपारी नानांनी जेवायला बसवलं. भरीत होतं, कळण्याची भाकरी होती, वर तूप. खोटं कशाला बोलू, जेवण फारच सुरेख होतं. निघताना नानांनी आबांच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि हातात नारळ दिला. आबांनी ते घेतलं.

इथं घात झाला. आमच्या घरात सोयरिकीच्या बोलण्यात टोपी घेतली म्हणजे शब्द दिला. मग पत्रिका जुळो न जुळो, मुलगा काळा असो की गोरा, त्यावर चर्चा नाही. मी यांच्याकडे पाहिलं, हे गाडीची चावी शोधायला लागले. चावी त्यांच्या हातातच होती.

गावी पोचल्यावर मी ओटीवरच बोलले. आबा, तिची जागा धुळ्याला लागलेली आहे, तिनं मिळवलेली आहे, हे सगळं मी नीट आवाजात सांगितलं. नंतर माझा आवाज नीट राहिला नाही. मी म्हटलं, "पोरीला शिकायला पाठवायचंय, द्यायची नाहीये." सासऱ्यांपुढं असं मी तोवर कधी बोलले नव्हते. आबा चिडले नाहीत. त्यांनी टोपीची घडी नीट करून कोनाड्यात ठेवली आणि म्हणाले, "टोपी लिधी मी. आते शब्द गया."

पुढचे दिवस जळगावात आमच्या घरात भांडी जरा जास्तच वाजत होती. हे दुकानातून उशिरा यायचे आणि आल्यावर बघू, बघू म्हणायचे. बघू हा यांचा आवडता शब्द आहे, त्यावर आमचा संसार चाललाय. नणदेचा फोन आला की तिकडे खोली ठरली का, मी तो कापला. लेक मात्र गप्प. जेवायची, आपलं ताट धुवायची, पुस्तक घेऊन बसायची. ती रुसली आहे असं मी धरून चालले आणि तिची बाजू आणखी जोरानं लढवायला लागले. तिचं तोंड वाळलेलं दिसलं की मला आबांचा राग यायचा. म्हातारा माणूस, नातीवर जीव आहे, हे सगळं कळत असूनही यायचा.

धुळ्याची तारीख संपायच्या आदल्या संध्याकाळी मी यांना सांगून टाकलं की उद्या मी तिला घेऊन धुळ्याला जाते, कुणी या नाहीतर नका येऊ. हे गच्चीवर गेले आणि तिथून त्यांनी वडिलांना फोन लावला. काय बोलले ते मला माहीत नाही. खाली येऊन म्हणाले, आबा म्हणताहेत की मलाही घ्या.

सकाळी आम्ही एरंडोलला पोचलो तर आबा फाट्यावर उभे. धुतलेलं धोतर, आणि काखेत पिशवी. पिशवीत ती टोपी आणि तो टॉवेल. गाडीत बसले आणि म्हणाले, "पहिले शिरपूर."

मी म्हटलं, धुळं वाटेत आहे, आधी तिथं कागद देऊ आणि मग तुम्ही म्हणाल तिथं जाऊ. आबांनी मान हलवली. एकीकडून सुटल्याशिवाय दुसरीकडे बांधायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. दोन दारांत एकाच वेळी शब्द ठेवायचा नाही. धुळं आलं, कॉलेजची पाटी आली, फाटक उघडं होतं, पोरं कागदांच्या फायली घेऊन आत चालली होती, आणि यांनी ब्रेकला पायसुद्धा लावला नाही. मला आबांचा राग आला, यांचा आला, नणदेचा आला, भरिताचासुद्धा आला. लेक खिडकीतून बाहेर बघत होती.

शिरपूरला नाना मीटिंगमध्ये होते. आम्हाला बाहेर बसवलं. तास गेला, वर आणखी थोडा गेला. मी दर थोड्या वेळानं घड्याळ बघत होते आणि आबा मी बघतेय हे बघत होते. शेवटी दार उघडलं. आतून आमच्यासारखंच एक कुटुंब निघालं, सातपुड्याच्या पायथ्याकडचं असावं. त्यांच्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर तशीच कोरी टोपी, खांद्यावर तसाच टॉवेल. मागं शिपाई कपाट लावत होता. कपाटात टोप्यांच्या थप्प्या होत्या, कापडाच्या दुकानात असतात तशा. आबांनी ते पाहिलं.

नानांना आम्ही कोण ते आठवायला क्षणभर लागला. मग वहिनींचे वडील म्हणून त्यांनी वाकून नमस्कार केला, चहा सांगितला. आबा बसले नाहीत. पिशवीतून टोपी-टॉवेल काढून त्यांनी टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "शब्द परत लेवाले उनू मी. पोर धुळाले जाई."

नाना हसले. वाईट हसले नाहीत, माणूस चांगला आहे. म्हणाले, "आबा, अहो ही तर आम्ही येईल त्या पालकाला देतो. मानाची आहे, राहू द्या. आणि पोरीचं काय, धुळ्याला मिळत असेल तर उत्तमच. आमच्याकडे रांग लागलीय."

आबांनी टोपी उचलली नाही. नमस्कार केला आणि बाहेर आले.

परतताना हे असे गाडी चालवत होते की एरवी मी ओरडले असते. धुळ्याला ऑफिसातले साहेब कागद आवरून उठण्याच्या बेतात होते. आम्हाला पाहून त्यांनी कपाळाला हात लावला आणि परत बसले. मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, सही, आणखी एक सही. झालं. माझा जीव भांड्यात पडला.

फाटकाबाहेर टपरीवर चहा घेतला. आम्ही दोघं बोलत होतो, बहिणीकडे आजच जाऊन येऊ, गादी कुठली द्यायची, असलं काहीबाही. आबा ग्लास हातात धरून उभे होते. दिवसभरात ते एवढे लहान कधी झाले ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग ते कुणाकडेही न बघता म्हणाले, "तेस्नी शब्द धराच नई."

नानांनी तो शब्द कधी शब्द म्हणून धरलाच नव्हता.

लेक त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. म्हणाली, "मी धरला होता, आबा."

आबांना कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, सावकाश, आपल्याच घरातलं साधं काहीतरी सांगावं तसं. "तुम्ही आज परत घेतला नसता, तर मी शिरपूरलाच गेले असते. मम्मी कितीही भांडली असती तरी. मैत्रिणीकडून बायोलॉजीची पुस्तकं आणून वाचायलाही लागले होते."

हे मला माहीत नव्हतं. तिच्या खोलीत मी दिवसातून दहादा जात होते, तरी माहीत नव्हतं. आबांनी ग्लास टपरीवाल्याच्या हातात दिला, तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि भर रस्त्यात रडायला लागले. आबांना रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही.